लिपी एक, वाचक दोन भाषांचा

१६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय काढला, १७ जूनला तो सुधारला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेत असल्याचं जाहीर केलं. मधल्या अडीच महिन्यांत अस्मिता, राजकारण, दप्तराचं ओझं यांवर पुष्कळ बोलून झालं. वाचनावर त्या मानाने थोडंच बोललं गेलं, आणि त्यातलं बरंचसं एका ठरीव वाक्यापाशी येऊन थांबलं: लिपी एकच आहे, शब्द ओळखीचे आहेत, एखादा अडलाच तर वाक्यावरून कळतो.

हा समज काही फक्त त्या निर्णयाच्या समर्थकांचा नाही. शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, पाठाखालच्या स्वाध्यायात तो गृहीतच धरलेला असतो. 'वाक्य पूर्ण वाच, कळेल' हा सल्ला आपण सगळेच देतो. माझं म्हणणं असं, की हा समज वरवरचा आहे. वाक्य दोन भाषांच्या वाचकाला शब्द ओळखून देत नाही. शब्द ओळखला गेल्यावर त्याच्या अर्थांपैकी कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा, एवढ्यापुरती ते मदत करतं, आणि तीही जराशी उशिरा. ही मदत किती मिळणार, हे वाक्यातले बाकीचे शब्द वाचणाऱ्याला किती येतात यावर ठरतं. म्हणजे ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच वाक्याचा आधार सर्वांत कमी. लिपी एक असल्याने हा पेच सुटत तर नाहीच, उलट लपून राहतो.

१. दोन कामं, एक नाव

आपण ज्याला सरसकट 'वाचणं' म्हणतो त्यात दोन कामं दडलेली असतात. समोरच्या अक्षरांवरून हा शब्द कोणता, हे ठरवणं हे पहिलं. त्या शब्दाचा इथे लागू पडणारा अर्थ बसवणं हे दुसरं. सराईत वाचकाची नजर एका शब्दावर साधारण पाव सेकंद थांबते. दोन्ही कामांचा मोठा भाग तेवढ्यात उरकतो, म्हणून ती एकच वाटतात.

एकच भाषा येणाऱ्यालाही वाक्याची गरज लागते. 'मान' म्हणजे गळ्यामागचा अवयव की सन्मान, हे वाक्य सांगतं. पण इथे वाक्य फक्त दुसरं काम करतं; 'मान' हा शब्द अक्षरांवरून आधीच ओळखलेला असतो. 'वाक्यावरून कळतं' म्हणणारे या दुसऱ्या कामाचं श्रेय पहिल्या कामालाही देऊन टाकतात, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो.

दोन भाषांच्या वाचकाबद्दल आणखी एक गृहीतक असतं. डोक्यात दोन भाषांची दोन कपाटं आहेत, मराठी मजकूर पुढे आला की मराठीचं उघडतं आणि हिंदीचं बंद राहतं. चित्र सुबक आहे. मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या प्रयोगांनी ते खोटं ठरवलं आहे. त्या प्रयोगांकडे वळण्याआधी हा प्रश्न आपल्याकडे रोज कुठे उभा राहतो ते पाहू.

२. भांडुपचा वाचक

नाहूर सोडून दादरकडे निघालेल्या लोकलमध्ये 'पुढील स्टेशन भांडुप, अगला स्टेशन भांडुप' असं ऐकू येतं आणि लगोलग इंग्रजी घोषणा होते. स्टेशनबाहेरचं भांडुपही असंच आहे. कामधंद्यासाठी कोकणातून आलेली कुटुंबं, उत्तर भारतातून आलेली कुटुंबं, टेंभीपाडा, तुळशेतपाडा, खिंडीपाडा अशा वस्त्यांत शेजारी शेजारी राहतात. एकाच मुलाच्या घरात मालवणी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, हे इथे अपवादात्मक नाही. मुंबई महापालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते. त्यात २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. म्हणून घरी हिंदी आणि शाळेत इंग्रजी असलेलं मूलही आज मराठीचा पाठ वाचतं. मराठी मुलाला हिंदी वाचताना जे होईल, त्याची उलट बाजू या मुलाच्या बाबतीत आजच, रोज घडते आहे.

रस्त्यावरचा मजकूरही बदलला. दुकानांवर मराठी पाट्या लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत २५ नोव्हेंबर २०२३ ला संपली आणि देवनागरी ठळक झाली. पण लालबहादूर शास्त्री मार्गावरून चालत निघा आणि पाट्या वाचत जा: मेडिकल अँड जनरल स्टोअर्स, मोबाईल रिपेअरिंग, ब्युटी पार्लर. लिपी देवनागरी, शब्द इंग्रजी, आणि आत शिरून भाव विचारायचा तो बहुधा हिंदीत. अक्षरं पाहून भाषा ओळखावी, ही सोय इथल्या वाचकाला राहिलेली नाही.

आता दोन शब्द घ्या: 'खाली बस'. मराठीत ती आज्ञा आहे, हिंदीत ती रिकामी गाडी. दोन्ही भाषांत शब्द शुद्ध, व्याकरण शुद्ध. 'खाली'चा अर्थ 'बस'वरून लावावा तर 'बस'चा अर्थ पुन्हा 'खाली'वर अवलंबून. दोन्ही शब्द एकमेकांना संदर्भ पुरवतात, पण दोन्ही दिशांना सारख्याच जोराने. उलगडा होतो तो बोलणारी आई आहे की कंडक्टर, यावरून, म्हणजे मजकुराबाहेरून. हे उदाहरण टोकाचं आहे हे मान्य. पण 'संदर्भ' नावाची गोष्ट मजकुरात आपोआप हजर नसते, तेवढं त्यातून दिसतं.

३. प्रयोगांनी काय दाखवलं

दोन संज्ञा ठरवून घेऊ. 'नदी', 'पुस्तक' असे जे शब्द दोन्ही भाषांत रूपानेही सारखे आणि अर्थानेही सारखे, त्यांना जुळे शब्द म्हणू. रूप सारखं पण अर्थ वेगळा असलेल्यांना फसवे शब्द म्हणू. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत 'चेष्टा' म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. दुसरी भाषा खरोखर बंद असेल, तर जुळ्या शब्दांचा फायदा होता कामा नये आणि फसव्यांचा त्रासही. संशोधकांनी नेमकं हेच तपासलं.

(अ) *मातृभाषा वाचतानाही दुसरी भाषा जागी असते.* बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात एव्हा व्हान आशे आणि सहकाऱ्यांनी डच मातृभाषा असलेल्या, इंग्रजी येणाऱ्या वाचकांना डच वाक्यं दिली आणि त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: इंग्रजीशी जुळे असलेले डच शब्द इतर डच शब्दांपेक्षा लवकर वाचले गेले. इंग्रजीचा कुठे मागमूस नव्हता, वाक्य पहिल्या शब्दापासून डच होतं, वाचणाऱ्याची ती जन्मभाषा होती. तरी इंग्रजीने आपलं काम केलं. 'मजकूर कोणत्या भाषेत आहे हे कळलं की दुसरी गप्प बसते' हा समज इथेच मोडतो.

(आ) *वाक्य बळकट असेल तर ते हस्तक्षेप करतं, पण उशिरा.* आना श्वार्ट्झ आणि ज्युडिथ क्रोल यांनी २००६ साली स्पॅनिश-इंग्रजी वाचकांवरचा अभ्यास मांडला. पुढचा शब्द कोणता याचा अंदाज येऊ न देणाऱ्या वाक्यांत जुळ्या शब्दांचा फायदा दिसला. अंदाज पक्का बांधून देणाऱ्या वाक्यांत तो नाहीसा झाला. म्हणजे बळकट वाक्य दुसरी भाषा बंद करतं? काही काळ तसं वाटलं खरं. पण मग माँट्रियलमधल्या फ्रेंच-इंग्रजी वाचकांवर माया लिबेन आणि डेब्रा टिटोन यांनी डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास केला. २००९ च्या त्या निबंधात बळकट वाक्यातही पहिल्या क्षणांच्या मोजमापात दोन्ही भाषा जाग्या दिसल्या. जुळ्या शब्दाने मदत केली, फसव्याने अडखळवलं. परिणाम मावळला तो नंतरच्या मोजमापात. २०११ साली गेंटच्या गटाला तर बळकट वाक्यातही जुळ्या शब्दांचा फायदा टिकलेला आढळला. वाक्य दार बंद करत नाही. आत आलेल्यांपैकी एकाला बाहेर काढतं, हा या सगळ्याचा मथितार्थ.

(इ) *वाक्याबाहेरचं वातावरणही मजकुरात शिरतं.* जर्मन मातृभाषा असलेल्या वाचकांना इंग्रजी वाक्यं देण्याआधी एक लघुपट दाखवला गेला. काहींना जर्मन निवेदनासह, काहींना इंग्रजी. केरी एल्स्टन-ग्युटलर आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या या अभ्यासात फसव्या शब्दांचा जर्मन अर्थ जागा झालेला दिसला तो जर्मन निवेदन ऐकलेल्यांत, आणि तोही प्रयोगाच्या पहिल्या भागात. पुढे वाचक इंग्रजीत रुळले. रुळायला वेळ लागतो, एवढं यावरून कळतं. पस्तीस मिनिटांच्या तासांमधून हिंदी, मराठी, इंग्रजी अशा उड्या मारणाऱ्या मुलाला तो वेळ आपण देतो का?

४. वाक्याला बळ येतं कुठून?

'बळकट वाक्य मदत करतं ना, मग झालं' असं म्हणून सुटका होत नाही, कारण ते बळ सहजी मिळत नाही. त्याची कारणं तीन.

पहिलं: रोजच्या मजकुरातली बहुतेक वाक्यं बळकट नसतात. नेमका पुढचा शब्द कोणता, हे आधीच्या शब्दांवरून ठामपणे सांगता येण्याजोगी वाक्यं प्रयोगासाठी मुद्दाम घडवावी लागतात. आणि वाचायचं असतं तेच मुळी आधी माहीत नसलेलं कळावं म्हणून. प्रत्येक शब्दाचा अंदाज येत असता, तर त्या मजकुराची गरजच काय?

दुसरं: मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं. 'सरांनी त्या मुलांना शिक्षा' इथपर्यंत नजर पोचली तरी पुढे काय येणार हे उघड झालेलं नसतं. 'केली' आलं तर दंड निश्चित होतो. 'दिली' आलं तर हिंदीच्या वळणाने वाचणाऱ्याला शिक्षण हा अर्थ जसाच्या तसा चालून जातो, कारण हिंदीतही 'शिक्षा' दिलीच जाते. निर्णायक खूण शब्दाच्या मागून येते आणि कधी कधी येऊनही निर्णय देत नाही. इंग्रजी वाक्यांवरून काढलेले आडाखे आपल्याकडे लावताना हा फरक विसरून चालणार नाही.

तिसरं कारण सगळ्यांत गंभीर आहे. एक वाक्य जवळून पाहा: 'शाळेत उशिरा आल्याबद्दल सरांनी त्याला शिक्षा केली.' मराठी वाचकाला हे वाक्य भक्कम वाटतं, कारण 'उशिरा आल्याबद्दल' वाचताच पुढे दंड येणार हे कळतं. आता घरी हिंदी बोलणाऱ्या तिसरीतल्या मुलाच्या नजरेने तेच वाक्य वाचा. 'उशिरा' हिंदीत नाही, 'आल्याबद्दल' तर नाहीच नाही. ज्या शब्दांत संदर्भ साठवलेला आहे, नेमके तेच त्याला अनोळखी. वाक्यात त्याला खात्रीने ओळखीचे वाटतात ते 'शाळेत', 'सर' आणि 'शिक्षा'. या तिघांची जुळवाजुळव केली, की शाळा, शिक्षक, शिक्षण असं एक सुसंगत, समाधानकारक आणि पूर्ण चुकीचं वाक्य तयार होतं. ज्या शब्दाचा अर्थ वाक्याने दुरुस्त करायचा, तोच शब्द इथे वाक्याचा अर्थ ठरवून बसतो.

वाचनाच्या अभ्यासात याला आधार आहे. कीथ स्टॅनोविच यांनी १९८० साली मांडलेल्या सिद्धांतानुसार शब्द ओळखण्यासाठी संदर्भावर अधिक रेलतो तो कच्चा वाचक. पक्क्या वाचकाची अक्षरांवरूनची ओळख इतकी जलद असते की त्या कामी त्याला संदर्भाची फारशी गरजच पडत नाही. १९६७ साली केनेथ गुडमन यांनी वाचनाला भाषिक अंदाजांचा खेळ म्हटलं होतं आणि 'अंदाज बांध' या शिकवण्याच्या पद्धतीला त्यातून बळ मिळालं. स्टॅनोविच यांचं म्हणणं त्याच्या बरोबर उलट: अंदाज ही कुशलतेची खूण नसून उणीव भरून काढण्याची धडपड आहे. मजकूर सोपा असेपर्यंत ती धडपड निभते. मजकूर जड झाला, भोवतालचे शब्दच अडले, की अंदाजाला पायाच उरत नाही.

५. एक लिपी: खुणा कमी, चुका अदृश्य

लिपी एक असण्याचा फायदा खरा आहे. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं पुन्हा शिकावी लागत नाहीत. पण हा फायदा पहिल्या कामाचा. दुसऱ्या कामात त्याच लिपीचे दोन तोटे होतात.

एक, भाषा सांगणाऱ्या खुणा तुरळक होतात. 'ळ' दिसला की शब्द मराठी, कारण प्रमाण हिंदीत ते अक्षर वापरात नाही. अक्षराखाली नुक्ता दिसला की हिंदी. १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या लेखननियमांनुसार आपण तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितो, म्हणून मराठी 'शक्ती' आणि हिंदी 'शक्ति' यांत बारीकसा फरक उरतो. पण नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी वेलांटीचा फरक म्हणजे भाषेची खूण नसते, शुद्धलेखनातली आणखी एक कटकट असते. आणि 'शिक्षा', 'चेष्टा', 'खाली' यांवर तर तीही खूण नाही.

दोन, चूक ऐकू येत नाही. इंग्रजीत नाणं दाखवणारा 'कॉइन' फ्रेंचमध्ये त्याच स्पेलिंगने कोपरा दाखवतो, पण उच्चार निराळा. विद्यार्थी चुकला तर शिक्षकाच्या कानाला लगेच खटकतं. देवनागरी मात्र बऱ्याच अंशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. 'च' आणि 'ज'च्या काही उच्चारांत मराठी-हिंदीचा फरक उघडा पडतो, तेवढा सोडला तर 'शिक्षा' दंड समजून वाचा की शिक्षण समजून, आवाज तोच. मूल घडाघडा वाचतं, शिक्षक 'छान' म्हणतात, आणि अर्थ दोघांच्या मधल्या मधे हरवतो. आपल्या शाळांत वाचनाची परीक्षा अजूनही मोठ्याने वाचून घेण्यावर बरीच भिस्त ठेवते. त्या परीक्षेला ही चूक सापडणंच शक्य नाही.

६. आक्षेप आणि उत्तरं

*'मला दोन्ही भाषा येतात. मला असं कधी जाणवत नाही.'* जाणवणार नाहीच. पाव सेकंदाच्या आत घडणारी गोष्ट आत्मनिरीक्षणाने पकडता येत नाही. म्हणून तर डोळ्यांच्या हालचाली मोजाव्या लागल्या. शिवाय हा आक्षेप घेणारा बहुतेक वेळा मुरलेला वाचक असतो. त्याच्या बाबतीत वाक्य वेळेवर निवाडा करतं, कारण वाक्यातला प्रत्येक शब्द त्याच्या ताब्यात असतो. त्याच्या अनुभवावरून तिसरीतल्या मुलाबद्दल बोलणं हाच या समजाचा मूळ दोष.

*'हे युरोप-अमेरिकेतले प्रयोग. आपल्याला काय लागू?'* आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, हे बरोबर. पण डच-इंग्रजी किंवा फ्रेंच-इंग्रजी या जोड्यांची लिपी एक, शब्दसंपत्तीचा मोठा भाग सामायिक. मराठी-हिंदीची स्थितीही तीच, आणि दोन्हींतला संस्कृत शब्दांचा साठा पाहता जवळीक अधिकच. लिपी वेगळ्या असल्या तरी दुसरी भाषा पुरती गप्प नसते, असं हिब्रू-इंग्रजी वाचकांवरच्या १९९७ च्या अभ्यासातूनही पुढे आलं. लिपीचं कुंपण असूनही जर हे घडतं, तर कुंपण नसलेल्या ठिकाणी घडणार नाही असं मानायला काही कारण नाही.

*'मुलं भाषा पटकन उचलतात.'* बोलणं उचलतात. बोलण्याला समोरचा माणूस, हातवारे, वस्तू, आवाजाचा चढउतार असा भरभक्कम आधार असतो. छापलेल्या पानावर यातलं काहीच नसतं. गल्लीत अस्खलित हिंदी बोलणारं मूल हिंदीचा धडाही समजून वाचेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

*'मग काय, एकच भाषा शिकवायची?'* मुळीच नाही. दोन्ही भाषा एकदम जाग्या होतात ही गोष्ट नुकसानाइतकीच नफ्याची आहे. जुळे शब्द लवकर वाचले जातात ते त्यामुळेच. मराठी आणि हिंदी यांच्यात असे शब्द भरपूर आहेत. माझा विरोध दुसऱ्या भाषेला नाही. जे काम शिकवून करावं लागतं ते वाक्यावर सोपवून मोकळं होण्याला आहे.

७. मग करायचं काय?

एक: भाषेच्या शिक्षकांना मराठी-हिंदी फसव्या शब्दांची इयत्तावार यादी हातात मिळावी आणि पाठात असा शब्द आला की दोन्ही अर्थ शेजारी ठेवून, दोन्ही भाषांत एकेक वाक्य करून तो शिकवला जावा. मुलाच्या डोक्यात दुसरा अर्थ येतोच आहे. त्याचं नाव न घेतल्याने तो जात नाही.

दोन: सुरुवातीच्या पाठांत फसव्या शब्दाचा आधार होणारे शब्द आधी शिकवलेले असावेत. 'उशिरा' न शिकवता 'शिक्षा' वाचायला लावणं म्हणजे उत्तर लपवून प्रश्न विचारणं.

तीन: वाचनाची तपासणी मोठ्याने वाचण्यापाशी थांबू नये. 'त्याला सरांनी काय केलं, आणि का?' असा एक साधा प्रश्न अर्थाचा पत्ता लावतो. तासाच्या घाईतही तो विचारता येतो.

चार: सार्वजनिक सूचना लिहिणाऱ्यांनी दोन शब्दांत काटकसर करू नये. मिश्र वस्तीत पूर्ण वाक्य, क्रियापदासकट, हाच वाचकाचा सन्मान आहे.

हिंदी पहिलीला असावी, पाचवीला असावी की नसावी, हा वाद पुढेही चालेल आणि त्यात इतर अनेक बाजू येतील. त्या वादात 'लिपी एक आहे, वाक्यावरून कळेल' हा मुद्दा मात्र कोणीही पुरावा म्हणून मांडू नये. तो पुरावा नाही. मुरलेल्या वाचकाने शिकाऊ वाचकाबद्दल करून घेतलेला सोयीचा गैरसमज आहे. शिक्षकांना आणि पालकांना विनंती एवढीच: मूल न अडखळता वाचतंय म्हणून समाधान मानू नका. पुस्तक मिटायला सांगा आणि काय वाचलंस ते विचारा.